मागाखालचा फासा

रात्री दहाला मी संगणक लावतो.
मस्कतला तेव्हा साडेआठ,
मल्लिनाथ हत्तुरे जेवून हात पुसत येतो.
तिकडे तो समुद्राचं पाणी गोडं करायच्या कारखान्यात,
इकडे सोलापुरात नळ चौथ्या दिवशी.
ह्यावर आम्ही आता विनोद करत नाही.

पडद्यावर लढाई उघडते
गुरुवारी जिथं सोडली तिथंच.
झाडू मारताना कुणी तोफ उडवलेली नसते,
पंख्यानं पायदळ पालथं घातलेलं नसतं.
षटकोनांवर त्याचं घोडदळ उभं
आणि नदीपलीकडे करडं धुकं,
त्यात काय दडवलंय ते त्यालाच ठाऊक.
मला दिसतो फक्त त्याचा बाण, पांढरा,
नकाशावर घुटमळणारा.
जुन्या ओळखीनं सांगतो,
बाण थरथरला की समजावं, रसद तुटलीय.

हाच नकाशा आधी कागदावर होता.
भद्रावती पेठेत, अप्पांच्या शेडमध्ये,
चादरीच्या आलेखाच्या पाठीवर मी काढलेला.
चौकोनांचे षटकोन करायची युक्ती माझी:
एकाआड एक ओळ अर्धं घर सरकवायची,
मग प्रत्येक घराला सहा शेजारी.
पुढच्या बाजूच्या मोराची शाई मागं फुटलेली,
तिथं आम्ही जंगल धरलं.
सोंगट्या जेकार्डच्या बाद पुठ्ठ्यांच्या,
प्रत्येक पलटणीला जन्मापासूनच भोकं.
फासा एकच, लाकडी,
मल्लिनाथनं गड्ड्याच्या जत्रेतून आणलेला.
माग चालू असायचे. हल्ला ओरडून सांगावा लागे.
"तीनास एक!"
"काय?"
"तीनास एक बे!"

बारावीच्या सुट्टीत, पुलावरच्या शेवटच्या हल्ल्याला
फासा मेजावरून उडाला
आणि तीन नंबरच्या मागाखाली गेला.
"सहा. मी बघलो," मल्लिनाथ म्हणाला.
"खाली पडलेला धरत नाहीत," मी म्हणालो.
पूल कुणाचा, ते राहिलंच.
त्याची गाडी होती दुसऱ्या दिवशी.

सर्व्हरचा फासा कुठंच पडत नाही.
एक कळ दाबा, आकडा येतो,
कुणी टाकला, कधी टाकला, सगळी नोंद राहते.
सहा वर्षांत अकरा लढाया झाल्या,
भांडण एकही नाही.
मला ते बरं वाटत नाही.

गेल्या महिन्यात माग किलोवर गेले.
चौघांनी मिळून तीन नंबर ओढला.
खाली सुताची धूळ, जमून जमून रजईएवढी जाड,
त्यात दोन कांड्या, अक्काचा आकडा,
आणि फासा.
वर दोन.

मी हात लावला नाही. फोटो काढून पाठवला.
अकराला उत्तर आलं: "ओढताना उलटला असंल."
मग: "उंदीर."
मग बराच वेळ तीन ठिपके नुसतेच नाचत राहिले.
"परत टाक. कॅमेऱ्यासमोर."

शेडमध्येच मेज ओढलं,
शेंगाचटणीच्या डब्याला मोबाईल टेकवला,
मुठीत फासा खुळखुळवला. एकटा फासा, खुळखुळणार काय,
पण सवय.
टाकला.
दोनदा उसळला, कडेशी क्षणभर थांबला
आणि गेला खाली.

"कुठं गेला? दिसंना की! काय करलालास बे?"
मी वाकलो.
मागाचे बोल्ट उपटलेली चार भोकं जमिनीत,
त्यातल्या एकात फासा अडकलेला, तिरका,
अर्धा चार, अर्धा सहा.
"चार," मी म्हणालो.
"दाखव."
"चार आहे म्हणालो ना."
"लक्ष्मीपती, मोबाईल उचल! लबाडा, उचल आधी!"

रिकाम्या शेडमध्ये त्याचा आवाज
पत्र्यापर्यंत जाऊन परत येत होता.
मी तसाच ओणवा,
गुडघे दुखेपर्यंत.
मोबाईल काही उचलला नाही.