तीन इंच

टेबल आलं तोवर मी कुबड्यांवरून
चाकाच्या खुर्चीवर आले होते.
अर्ज आणि मंजुरी यांच्यामध्ये चौदा महिने,
एक ऑपरेशन,
आणि अंबडच्या आमच्या गल्लीतल्या दोन शेड बंद.

अर्जात उंची लिहिली होती तीस इंच.
शासनाने शब्द पाळला.
तीसच. निळा रंग, पायावर पांढऱ्यात क्रमांक,
‘दिव्यांग कामगार साहाय्य अनुदानातून’ अशी पट्टी,
पट्टीवरची अक्षरं मात्र बेताच्या उंचीची.

खुर्चीत बसून हात वर ठेवले
तर खांदे कानांना भिडायचे.
पॅनेलच्या तारा, लाल पिवळी निळी,
लग दाबता दाबता संध्याकाळपर्यंत
मान दुसऱ्या कुणाची तरी वाटायची.

बोरस्ते म्हणाले, नवा अर्ज करू.
मी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं.

शनिवारी, सुट्टीच्या दिवशी,
अश्पाकभाईंनी ग्राइंडर काढला.
टेबल आडवं धरायला वॉचमन काकड.
आधी कुणीच बोलेना, चोरी करतोय असं वाटून,
मग ठिणग्या उडाल्या आणि काकड म्हणाला,
दिवाळी लवकर आली.
चार पाय, चार तुकडे, एकेक तीन इंचाचा.
गार झाल्यावर मी ते डब्याच्या पिशवीत टाकले.
का, ते नाही सांगता येत.
आपलं नसलेलं फेकवत नाही, एवढंच.

मार्चमध्ये तपासणी आली.
निकुंभ साहेबांनी टेप लावला.
पुन्हा लावला.
सत्तावीस.
शासकीय मालमत्तेत घट,
तीन गुणिले चार, एकूण बारा इंच.
खुलासा सात दिवसांत, समक्ष.

नासर्डी पुलाजवळचं ऑफिस, पहिला मजला.
लिफ्टवर चिकटवलेला कागद काय म्हणत होता
ते तुम्हाला सांगायला नको.
काकड आणि खालचा झेरॉक्सवाला
यांनी मला खुर्चीसकट उचललं,
वळणावर दोघांनी श्वास घेतला,
मी भिंतीवरची योजनांची यादी वाचली.

खुलासा?
मी पिशवी उलटी केली.
फायलींवर लोखंड खणखणलं.
मोजून घ्या साहेब,
सरकारचं काही ठेवून घेतलं नाही मी.

हसले नाहीत. खरंच मोजले.
एक तुकडा हातात धरून मग
उगाचच वाकले टेबलाखाली,
तेव्हा मलाही दिसलं:
डावा पाय गंजून झडलेला,
खाली अर्धी वीट, पेपरात गुंडाळून.
विटेची जाडी मला पाठ आहे,
बाप भट्टीवर होता माझा.

बराच वेळ पंखाच बोलत राहिला.

पोच मिळाली, शिक्क्यासकट:
‘लोखंडी तुकडे, नग तीन.’
वाचली. घडी घातली.
खाली उतरवताना झेरॉक्सवाल्याने विचारलं,
झालं का काम, ताई?
झालं म्हटलं,
त्यांचंही झालं.

सोमवारी कोपर टेकलं टेबलावर.
लाल, मग पिवळी,
मग निळी.