बोलून दाखवणे

फ्रिज हे इंजिन.
दारावर मी चिकटपट्टीचे तुकडे लावलेत:
पाण्याचा पंप, ऑल्टरनेटर, हवेचा कॉम्प्रेसर.
जेवणाचं टेबल हा ट्रेलर, त्रेपन्न फुटी,
आणि खुर्चीत गॉर्डी, मांडीवर कार्डांची चळत,
हा परीक्षक.
"कर सुरू," म्हणतो. बाहेर उणे बावीस.
मायनॉटच्या जानेवारीत डिझेलचीसुद्धा दातखीळ बसते.

फ्रिजला हात लावते. (लावायचाच असतो, नुसता मोघम हातवारा चालत नाही.)
हा पंप. घट्ट बसवलेला आहे,
तडकलेला नाही, वाकलेला नाही, तुटलेला नाही,
कुठून गळत नाही.
हा पट्टा. पाऊण इंचाहून जास्त ढिला नाही,
कडा उसवलेल्या नाहीत.
आत काल रात्रीचे बटाटे आहेत.
"हसू नकोस, लव्हॉन. ती बाई हसत नाही."

हसत नाही खरंच.
डिसेंबरात मी तिच्यासमोर अख्ख्या ट्रकला प्रदक्षिणा घातली,
वाकले, टॉर्च मारला,
एकही नट सुटा नाही हे डोळ्यांनी पाहिलं
आणि पुढच्या चाकाकडे गेले.
एकोणीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात काढलेली बाई मी,
शिजलं की नाही ते वासावरून कळायचं,
सांगायचं कुणाला?
तिनं पेनाचं टोपण लावलं.
"तुम्ही पाहिलंत, ते मला दिसलं.
पण बोलला नाहीत.
बोलला नाहीत, ते तपासलं नाहीत."

आता बोलते. भांडी घासताना, मोजे घालताना,
चर्चमध्ये ओठांच्या आत:
पुढच्या टायरची खाच चार बत्तिसांश, बाकीच्यांची दोन,
कुठे चीर नाही, फुगवटा नाही.
लग नट सगळे जागेवर.
नटापासून गंजाचा ओघळ आलेला दिसला
तर समजायचं, आतून कधीचं ढिलं आहे.

इथे मी अडकते.
दर वेळी इथेच.
गॉर्डी कार्ड उलटून बघतो, वाट बघतो.

त्याच्या आजाराआधीचा नोव्हेंबर होता.
सूप पिता पिता त्याचा चमचा हवेत थांबला.
चार सेकंद. डोळे उघडे, आत कुणी नाही.
मग चमचा तोंडात गेला,
"मीठ कमी आहे," म्हणाला.
मी मीठ दिलं.
नाताळपर्यंत असं तीनदा. मोजलं होतं मी.
मार्चमध्ये जेम्सटाउनच्या अलीकडे
ट्रेलरभर सूर्यफुलाच्या बिया घेऊन
तो सरळ रस्ता सोडून शेतात उतरला.
बर्फ कंबरभर होतं, म्हणून माणूस उरला.
लायसन्स गेलं.
ट्रक अंगणात उभा आहे, हप्ते चालूच आहेत.

काल ब्रेकची चाचणी घेतली, खऱ्या ट्रकवर.
तो शेजारच्या सीटवर, टोपी कानांवर ओढून.
एकशेवीसपर्यंत हवा भरली, इंजिन बंद, चावी चालू,
पाय ब्रेकवर, दाबून, एक मिनिट.
काटा चार पौंडांहून जास्त उतरता कामा नये.
मिनिट फार लांब असतं.
केबिनमध्ये अजून त्याच्या तंबाखूचा वास आहे.
काट्यावरची नजर न काढता मी म्हणाले,
"चमचा थांबला होता तुझा. नोव्हेंबरात.
पाहिलं होतं मी."

तो काट्याकडेच बघत राहिला.
खाली कुठेतरी हवा सुस्कारत होती,
किंवा वारा असेल.
"माहीत आहे," म्हणाला. "मीठ देताना
तुझ्या हातून अर्धं टेबलावर सांडलं होतं.
मीही नाही विचारलं."

पाय माझा दाबलेलाच.
"झालं मिनिट. किती उतरला?"
"दोन."
"मला ऐकू आलं," गॉर्डी म्हणाला, "तिला नाही येणार.
मोठ्यानं."