तळटीप ४१२

चौतीस वर्षं मी त्यांची हस्तलिखितं टाइप केली.
अक्षर असं, की कोंबडी ताज्या बर्फावरून चालत गेलीय.
डॉक्टर आर्विड टॉलेफ्सन, नवा करार विभाग,
दुसरा मजला, खडखडणाऱ्या रेडिएटरजवळची खोली.

बाप डुकरं पाळायचा, आयोवाच्या सीमेला लागून.
सोळाव्या वर्षी, ऑगस्टातल्या तंबूसभेत
लाकडाच्या भुशावरून ते पुढे चालत गेले,
बुटाला शेण तसंच.
हे ते दर वर्षी नव्या मुलांना सांगायचे,
आणि शेण म्हणताना थोडे लाजायचे.

जर्मनीला निघाले तेव्हा मंडळीच्या वडिलांनी बजावलं :
डोकं भरून आण, पण विश्वास सांडू नकोस.
नाही सांडला.
इतका घट्ट धरला, की बोटं
तशीच वळलेली राहिली, असं मला वाटायचं.

फळ्यावर दोनच शब्द लिहायचे :
ख्रिस्ताचा विश्वास.
आपण त्याच्यावर ठेवलेला, की त्यानं स्वतः ठेवलेला?
षष्ठी बोलत नाही, म्हणायचे,
ती दोन माणसांना शेजारी बसवते
आणि उठून जाते.
'भावाची आठवण' म्हणा.
कोण कुणाला आठवतंय?
मग खडू खाली ठेवून उत्तर द्यायचेच :
आपण. त्याच्यावर. पुढचं पान.

समोरच्या खोलीत डेल्मर क्विस्ट.
दोघांची कॉफीची किटली एक.
क्विस्टनं चाळीस पानं लिहिली :
विश्वास त्याचाच आहे,
आपला फक्त त्याच्या आडोशाला उभा राहतो.

दर सप्टेंबरात प्रार्थनागृहात
बारा कलमांखाली सगळ्यांच्या सह्या व्हायच्या, निळ्या शाईत.
त्या वर्षी क्विस्टनंही केली.
पण समिती म्हणाली, आज विभक्ती, उद्या पुनरुत्थान.
इतिवृत्त मी लिहीत होते.
आठ हात पटकन वर गेले.
नववा टॉलेफ्सनांचा,
जाम झालेली खिडकी वर सरकवावी
तसा.

क्विस्ट गावाबाहेर नव्वद मैलांवर
शाळेत लॅटिन शिकवू लागला. मागे सफरचंदाची बाग.
दर ऑक्टोबरात विभागाच्या नावानं एक पेटी यायची.
चिठ्ठी नाही.
टॉलेफ्सन ती व्हरांड्यात ठेवायला सांगत, पोरांसाठी.
एकदा मी पाहिलं : एक उचललं,
हुंगलं,
परत ठेवलं, देठ वर करून.

यानंतर अकराशे पानांचं भाष्य, दोन खंड.
त्यांची मुलं आता नैरोबीत, सेऊलमध्ये,
डाकोटातल्या गव्हाच्या गावांत उपदेश करतात
आणि त्याच पानाशी येऊन म्हणतात : आपण. त्याच्यावर.

निवृत्तीच्या वर्षी दुसरी आवृत्ती निघायची होती.
एक कागद माझ्या टेबलावर उलटा ठेवून गेले.
तळटीप ४१२ :
'या स्थळी डी. क्विस्ट यांचं म्हणणं बरोबर असू शकेल.
मी तेव्हा ते नीट वाचलं नव्हतं.'
मी ती दोनदा टाइप केली,
पहिल्यांदा 'नीट' राहून गेलं होतं.

पुस्तक जूनमध्ये आलं.
क्विस्ट एप्रिलमध्ये गेला होता.
त्या पानाला खूण घालून मी प्रत त्याच्या बायकोला पाठवली,
न विचारता.
मार्नाचं कार्ड आलं :
'ग्रीक मला कळत नाही.
तळघरात गेल्या सालची शेवटची पेटी आहे,
तुमच्याच नावाची. ती तेवढी घेऊन जा.'

कार्ड त्यांनी उभ्यानंच वाचलं.
मग टोपी शोधत बसले, डोक्यावरच होती.

संध्याकाळी परतले तेव्हा मी कुलूप लावत होते.
पुढच्या सीटवर पेटी,
तिला पट्टा बांधलेला.
सफरचंदं सुरकुतलेली, वास मात्र अख्ख्या गाडीत.
काय बोलणं झालं, मी विचारलं नाही.
ते म्हणाले, मार्ना म्हणाली
तो जेवताना माझ्यासाठी प्रार्थना करायचा,
रोज,
नाव घेऊन.

आणि इंजिन बंद न करताच
बराच वेळ तिथे बसून राहिले.