तसंच समजावं

पुस्तकात घोडीवर एकशे बारा पानं.
गाढवीवर एक ओळ, तीही कंसात:
तसंच समजावं.

बेटावदला, पांझरेच्या काठी, वीटभट्टीमागे
धुडकू कुंभाराची उंबरी उभी.
पाठीवर केस न उगवलेले दोन चट्टे,
तोंडात दादरीचा कडबा.
मी खांद्यापर्यंत मोजा चढवते
आणि त्या ओळीच्या बाहेर हात घालते.
गर्भाशयाचं तोंड लांब, अरुंद, जरा वाकडं,
बोटाला हुलकावणी देणारं.
घोडीचं असं नसतं.

पहिल्या माजाला भट्टीवरचाच काळा नर आणला.
तो ओरडला तेव्हा विटा रचणारी पोरं हसली,
केवळबाईंनी पदर पुढे ओढला
आणि पदराआडून सगळं पाहिलं.
सहा तासांनी मिठाच्या पाण्याने आत धुतलं,
थेंब काचेवर घेतला.
पांढऱ्या पेशी आल्या होत्या,
दारात रिक्षा थांबली की ओट्यावर जमतात
तेवढ्याच.
दुसऱ्या सकाळी ओटा रिकामा.

मग थर्मासातलं, धुळ्याहून मोटरसायकलवर आलेलं, गारठलेलं.
गर्दी थोडी जास्त.
मग नळकांडीतलं.
शून्याखाली एकशे शहाण्णव अंशांवर झोपवलेलं,
दूरच्या कुठल्या उंच नराचं,
तो आता जिवंत आहे की नाही, कागदावर लिहिलेलं नाही.
कोमट पाण्यात धरून मी तीस मोजले,
मोजताना ओठ हलत होते,
धुडकूला वाटलं मंत्र.

त्या रात्री काच पांढरीफेक.
दोनशेपर्यंत मोजलं, मग सोडून दिलं.
शेपट्या तुटलेले शुक्राणू
आणि त्यांना मिठीत घेऊन गिळणाऱ्या पेशी,
पेशींवर पेशी.
तिसऱ्या दिवशीही पडद्यावर साचलेलं पाणी,
काळं, वाकडं, बाभळीच्या शेंगेसारखं.

"औषध द्या," धुडकू म्हणाला.
मी म्हटलं, रोग नाही हा. आवराआवर आहे.
आलेल्यातलं नको ते ती बाहेर काढतेय.
"मग एवढं का काढतेय?"
यावर मी मोजा धूत राहिले.

केवळबाई चुलीपाशी कळण्याची भाकरी थापत होत्या.
मान वर न करता म्हणाल्या,
"ताई, पाहुना एकलाच उना,
संगे कोनी नई, चिठ्ठी नई.
मंग कुत्रा भुकतीनच ना."

परतताना बसमध्ये ते डोक्यातून जाईना.
गोठवण्याआधी आपण रेत गरगर फिरवतो,
बीज खाली बसतं,
वरचं पाणी ओतून देतो मोरीत.
त्या पाण्यातच असेल ती चिठ्ठी:
हा आपला, याला येऊ द्या, बाकीच्यांना झाडा.

पुढच्या माजाला मी काळ्या नराचं ते पाणी राखून ठेवलं
आणि नळकांडीतल्या परक्याच्या सोबतीला दिलं.
काचेवर पेशी निम्म्या.
मी एकटीच हसले, सूक्ष्मदर्शकात डोळा ठेवून.
चौदाव्या दिवशी पडद्यावर मात्र
काही नाही.
अठराव्या दिवशीही काही नाही.
एका गाढवीवरून काय सिद्ध होतं? काही नाही.

माघात पुन्हा नळकांडी, पुन्हा पाणी.
दुसऱ्याच रात्री उंबरीने दावं तोडलं,
पहाटे सापडली भट्टीपाशी,
राखेच्या उबेला, काळ्या नराशेजारी.

आज पडद्यावर गोल, काळं,
रानबोराएवढं.
धुडकूने दोनदा विचारलं, हेच का?
हेच.
केवळबाईंनी विचारलं, शिंगरू उंच होईल का,
की आमच्यासारखंच?

सरकारी तक्त्यात रकाना आहे: रेताचा प्रकार.
ताजं, थंड, गोठवलेलं. एकावर खूण करा.
पेन बराच वेळ कागदावर टेकून राहिलं,
शाईचा ठिपका झाला,
तोही साधारण रानबोरासारखा.
उंबरीने शेपटीने माशी हाकलली.
धुडकू गोणी घेऊन आला,
डावीकडे वीस विटा, उजवीकडे वीस,
मग माझ्याकडे पाहून
दोन्हीकडच्या पाच पाच उतरवल्या.