पाय

आमच्या घरात पदार्थाचं नाव पाय.
धाकटा व्यंकटेश विचारायचा, कुणाचा?
अम्मा म्हणायची, बोरांचा. गप बस आणि बिया काढ.

कृती नान्नाच्या अक्षरात,
जेकार्डच्या एका जुन्या पत्त्यावर.
नान्ना पत्ते ठोकायचे. साखर पेठेतल्या चादरींवरचा मोर
आधी त्यांच्या हातोडीखालून जायचा,
मग मागावर.
पत्ता राखाडी, कडा कापडासारख्या मऊ,
आणि अंगभर भोकं.

मैदा दोन वाट्या, ज्वारीचं पीठ मूठभर.
तूप थिजलेलं, बोटांच्या टोकांनी चोळणे,
तळव्यानं नाही, तळवा गरम असतो.
उमराण बोरं शेरभर, पिवळी, अजून करकरीत.
गूळ,
आणि इथं भोक,
पुढं वाटी.

या एका भोकावरून आमच्यात
किती वर्षं अबोले झालेत.
अक्का म्हणते, अर्धी.
व्यंकटेश म्हणतो, दीड.
त्याला साखर झाली, तरी दीडच म्हणतो.
मी दर जानेवारीत, गड्ड्याची गर्दी ओसरली की,
एक घालते
आणि दोघांनाही नाराज करते.

भट्टी आमच्याकडं नव्हती, अजून नाही.
ताट फडक्यानं झाकून
हमीदभाईंच्या बेकरीत न्यायचं,
पावाचा दुपारचा घाणा निघाल्यावर, उरलेल्या धगीत.
शेजारच्या पत्र्यात कुणाची तरी नानकटाई.
अदलाबदल नको म्हणून कडेला
कणकेचा एक ब चिकटवायचा. बिंगींचा ब.
हमीदभाईंचा मुलगा आता सगळं किलोवर घेतो,
पाय मात्र तोलत नाही.
मावशी, पाय आणला का, असं ओरडतो,
आणि कामावरचं नवं पोरगं
माझ्या चपलांकडं बघतं.

वरची पोळी पसरल्यावर वाफेला वाट हवी.
त्यासाठी आम्ही पत्ताच तिच्यावर ठेवतो
आणि भोकाभोकातून दाभण टोचतो.
हे कृतीत नाही. हे व्यंकटेशनं सातवीत काढलं.
एका पत्त्यात अख्खा मोर नसतो,
एक ओळ असते, धोटा एकदा जाण्यापुरती.
चोचीतली का पिसाऱ्यातली,
ते नान्नालाही सांगता आलं नसतं.

यंदा टोचताना चष्मा नवा होता.
दिसलं की चोळणे मधला चो भोकाच्या अलीकडं आहे,
ळणे पलीकडं.
शेरभर मधला भ मान वाकडी करून
एका भोकाला वळसा घालतो.
कुठंच काही कापलेलं नाही.
म्हणजे भोकं आधीची.
नान्ना त्यांना चुकवत चुकवत लिहीत गेले,
आणि गुळापाशी
बाजूला बोटभर जागा असूनही
काही लिहिलं नाही.

अम्मा पाटावर बसून बिया काढत होती.
आता तिला सावल्याच दिसतात,
तरी बोर चाचपून किडकं बाजूला टाकते.
विचारलं, तर म्हणाली,
मिशनच्या हॉस्टेलात मोरीवर भांडी घासत
बघितलं गं मी, चोरून.
त्यांचा सफरचंदाचा असायचा.
आपल्यात सफरचंद आजाऱ्यालाच आणायचे.
सगळं दिसलं. पीठ दिसलं, लाटणं दिसलं,
नेमकं गोडापाशी
मिसबाईची पाठ आड आली.
नान्ना म्हणाले, किती लिहू?
मी म्हटलं, तिथं भोक आहे ना,
राहू द्या.

मग तू किती घालायचीस?

तिनं हात पुढं केला.
वाटी दिली. गुळाचा डबा दिला.
तू तिकडं तोंड कर, म्हणाली.

मी भिंतीकडं वळले.
रस्त्यापलीकडं यंत्रमाग चालू होता.
त्या खडखडाटात गूळ पडल्याचं ऐकलं,
तीनदा,
नाहीतर दोनदा, आणि एकदा
वाटीचा तळ बोटानं पुसल्याचं.