शंभरातले पन्नास

द्वारकेच्या पुलाखाली मन्सूरभाईंचं दुकान.
दाराशी मेलेल्या बॅटऱ्यांची उतरंड,
आत तेजाबाचा वास, चिंचेसारखा दातांवर चढणारा.
वाडीवऱ्ह्याहून पहिल्या एसटीनं आलो आम्ही,
पिशवीत भिशीचे पैसे, आणि मोटारीचा नंबर
भाच्यानं वहीच्या पानावर लिहून दिलेला.

"होडी केवढी?"
कचरूनं हात पसरले, ते पुरेनात,
मग दुकानातच चार पावलं चालून दाखवली.
"चौदा फूट. पत्र्याची. मुकण्याच्या धरणात."
"माणसं किती?"
"एक," तो म्हणाला.
मी स्टुलावर बसले होते. बोलले नाही.

दोन समोर आल्या.
शिशाची काळी, रेडकासारखी मख्ख.
लिथियमची निळी, कडीच्या डब्याएवढी.
"काळी चौदा हजार. वर शंभर अँपियर लिहिलंय,
पण ताई, शंभरातले पन्नासच आपले.
त्याखाली उतरवली की मरायला लागते.
निळी पार तळापर्यंत वापरा. बत्तीस हजार."

शंभरातले पन्नास. हा हिशेब मला नवा नाही.
पहाटे काट्यावर चढलेला कटला
व्यापाऱ्याच्या वहीत उतरेस्तोवर असाच आटतो:
बर्फ, टोपली, अंगावरचं पाणी,
आणि त्या दिवशीची त्याची मर्जी.

कचरू वॉरंटीचं विचारत राहिला.
मी पदर खोचला आणि काळी उचलली.
तीस किलो. एक भरला क्रेट, वर दोन मरळ.
काठापासून रस्त्यापर्यंत रोज एवढंच नेते मी,
करंजाखाली एकदा टेकून.
निळी उचलली तर हात सरळ वरच गेला,
भरलेला समजून रिकामा हंडा उचलावा तसा.
दुकानातलं पोरगं हसलं. मीही हसले.

"ठेवायची कुठं पण?"
मन्सूरभाईंनी बिलाच्या पाठीवर होडी काढली.
मोटार मागं, माणूस मागं,
"मग वजन इथं, पुढं," आणि पेन टेकवलं
नेमकं माझ्या फळीवर.

एकोणीस वर्षं मी त्या फळीवर आहे.
वल्ही मारणाऱ्याचं तोंड मागं असतं,
पुढचं पाणी त्याला दिसत नाही.
बुडालेल्या बाभळींची खोडं कुठं आहेत
हे मी त्याच्या पाठीला सांगत आले:
डावीकडं घे. थांब. आता चल.
त्या पाठीचा उजवा खांदा दिवाळीनंतर गेला,
म्हणून मोटार, म्हणून हे दुकान.
मोटारवाला पुढं तोंड करून बसतो.
त्याचं त्याला दिसतं.

येताना एसटीत म्हणाला होता,
"आता थंडीचं तुला यायला नको."
मायेनं म्हणाला असेल. तसंच असावं.

"काळी बसली," मी म्हणाले, "तर मी बसत नाही.
आणि जाळं काय बॅटरी सोडणार?"
कचरू खांदा चोळत राहिला, दुखत नसलेला.
मन्सूरभाईंनी आत हाक मारली, "साठाची आण रे."
निळीचीच धाकटी बहीण. सात किलो.
"साठातले पन्नास तरी मिळतीलच. तेवढंच झालं ना?
एकवीस सांगतो, वीस द्या."
मी मापली, वीत आणि चार बोटं.
फळीच्या वर नाही, खाली मावते.

"वारा उलटा लागला तर?" कचरू.
"वल्ही आहेत."
"वल्ही कोण मारणार?"
त्याला उत्तर मी दुकानात दिलं नाही.

परतीच्या एसटीत खोकं माझ्या मांडीवर.
कंडक्टर आला. "किती?"
कचरूनं खोक्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं.
"दोन. एक फुल, एक बाईचं अर्धं."
शंभरातले पन्नास, मी म्हणाले,
आणि तो इतका हसला
की खांदा धरून बसला विल्होळीपर्यंत.