खालचा आवाज

डिसेंबर लागला की माझ्या टेबलावर नाताळ येतो,
बहुतेक वेळा घसा बसलेला.
जामनेर रोडला, पंक्चरवाल्याच्या शेजारी,
उखर्डू इलेक्ट्रॉनिक्स. माणूस एक, खुर्च्या दोन.
तीस वर्षं झाली, नाताळची गाणी मी
पाठीमागून ऐकतो,
चार स्क्रू काढून.

सगळ्यात वाईट म्हणाल तर दिव्यांच्या माळेतलं.
मसुराच्या डाळीएवढ्या चिपेत आठ धुना.
त्यातली तिसरी, पाळण्याच्या चालीची,
कुणी डास चिमटीत धरून गायला लावावा तशी.
व्होल्टेज पडलं की ती पायरीपायरीला थांबते,
धापा टाकते,
आणि मरत मात्र नाही.

त्याखालोखाल सावद्याचा केळीचा ट्रक.
मागे येताना तो घंटा वाजवत
बर्फातून घसरगाडी पळवतो,
मे महिन्यात, सेहेचाळीस डिग्रीत,
आणि क्लीनर ओरडतो, येऊ दे, येऊ दे, बस.

मग तो बाहुला. लाल डगला, कमरेला झटका, हातात सॅक्सोफोन.
जळगावच्या साडीवाल्यानं दारात ठेवलेला.
पुढून कुणी गेलं की वाजायचा.
कुत्रं गेलं तरी.
"बंद कर रे भो त्याले, पोरी काम सोडून जाऊन राह्यल्या."
मी एक तार कापली.
आता तो नुसता हलतो.
इतकं चांगलं मी त्याचं कधी ऐकलं नव्हतं.

रेल्वे कॉलनीच्या मिरवणुकीला आमचाच लग्नाचा बँड.
बाळ जन्मल्या रात्रीच ते त्याची वरात काढतात,
ढोल शेकोटीवर तापवून,
क्लॅरिनेट घोड्यापुढं नाचवत.
हे मी वाईटात धरत नाही.
त्या थंडीत त्यांची बोटं बघितलीत का?

यंदा हातगाडीवरून चर्चची पायपेटी आली.
सोबत रेल्वे दवाखान्यातल्या सिस्टर, एस्तेर गावित,
नवापूरकडच्या. ड्यूटीवरून थेट,
स्वेटरला स्पिरिटचा वास.
काळी चार बोलत नव्हती.
भाता उघडला, तर आत उंदरीण बाळंत होऊन गेलेली.
घरटं गाण्यांच्या वहीचं:
"गोठ्या", "तारा", "मेंढ",
एक अख्खं "आमेन",
बाकी भुसा.

सूर पुसला, कातडं बदललं, म्हटलं, वाजवून बघा.
त्यांनी वाजवलं नाही.
काळी चार दाबून धरली, पायानं हवा देत राहिल्या,
आणि बारीक गुणगुणल्या काहीतरी
ज्याला चेहराच नव्हता.
वर चढत नव्हतं. दोन-तीन सुरांतच घुटमळत होतं,
ओसरीवर निजलेल्या पोरांना ओलांडताना
माणूस चालतो तसं.
कुठलं हे, मी विचारलं.
"आमचा खालचा आवाज, उखर्डूभाऊ.
गाणं दुसरेच म्हणतात.
आम्ही खाली उभ्या असतो."
मग किती झाले म्हणाल्या.
मी म्हटलं, कातड्याचे दीडशे, उंदराचे नाही घेत.

रात्री शटर ओढलं.
कुठंतरी भरिताची वांगी भाजत होती,
लायनीवर मालगाडी रखडली होती.
समोरच्या गच्चीवर माळ.
तिसरी धून. व्होल्टेज पडलेलं.
डास धापा टाकत होता.
मी शिवी द्यायला तोंड उघडलं
आणि आतून त्या बाईंचं ते बिनचेहऱ्याचं निघालं,
खालून गेलं,
दाराची कडी कोयंड्यात पडावी तसं बसलं.

तीस वर्षं मी हिचं अर्धंच ऐकत होतो की काय.

माळ अडली, तिथं मीही थांबलो.
पंक्चरवाला बघत होता. बघू दे.
दिवे मंद झाले, पुन्हा उजळले,
आणि आम्ही पुढच्या ओळीला लागलो.